कपाळावरचा शिक्का

गावात एखाद्या मुलीविषयी एकदा काही बोलले गेले, की ते बोलणे परत घेता येत नाही. ती घरकामासाठी शहरात गेली होती, ओळखीतल्या कोणीतरी नेली होती, दोन-तीन वर्षे तिची खबर नव्हती आणि मग एका संध्याकाळी ती मूल कडेवर घेऊन शेवटच्या एसटीतून उतरली, एवढेच गावाला ठाऊक असते. उरलेले गाव आपल्या मनाने भरून काढते. पुढे ती रविवारी मिस्सेला येऊन अगदी मागच्या बाकावर बसली तरी तिच्या शेजारची जागा रिकामीच राहते. मुलाच्या बाप्तिस्म्यासाठी धर्ममाता व्हावयास कोणी पुढे येत नाही. धाकट्या बहिणीचे जमत आलेले लग्न मोडते. कोणत्याही न्यायाधीशाने तिला शिक्षा सांगितलेली नसते. तरी शिक्षा चालू असते, आणि तुरुंगातील कैद्याला जशी सुटकेची तारीख असते तशी तिला नसते.

देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचा विषय घरात मोठ्याने वाचल्या जाणाऱ्या साप्ताहिकात यावा काय, अशी शंका आमच्या काही वडीलधाऱ्या वाचकांच्या मनात येईल. लिहावयास बसण्यापूर्वी ती आम्हांसही आली होती. परंतु फसवून नेल्या जाणाऱ्या मुली आमच्यासारख्या खेड्यांतूनही नेल्या जातात, आणि परत येतात तेव्हा आमच्याच दारात उभ्या राहतात. तेव्हा हा विषय परक्यांचा आहे असे म्हणून कसे चालेल? शिवाय गेली काही वर्षे वर्तमानपत्रांतून एक प्रश्न वारंवार विचारला जात आहे: अशा स्त्रीला कायद्याने गुन्हेगार मानणे सोडून द्यावे काय? प्रश्न ऐकताच धर्मनिष्ठ माणसाचे मन मागे सरते. शिक्षा काढून घेतली म्हणजे पापाला परवानगी दिली, असे त्याला वाटते. आमचेही मत पुष्कळ काळ असेच होते. ते हलले ते इंग्लंडातील एक जुनी हकीकत वाचल्यापासून. म्हणून ती हकीकत आधी सांगतो. आमचे म्हणणे त्यानंतर.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटिश सैन्यात व आरमारात गुप्तरोगांचा फैलाव फार झाला होता. साध्या शिपायांपैकी फारच थोड्यांना लग्न करून संसार थाटण्याची मुभा असे. त्यावर उपाय म्हणून पार्लमेंटने १८६४, १८६६ आणि १८६९ असे तीन कायदे एकामागून एक केले. पोर्ट्समथ, प्लिमथ, आल्डरशॉट, आयर्लंडमधील कॉर्क अशी अठरा लष्करी ठाणी व बंदरे अखेरीस त्यांच्या कक्षेत आली. तेथे साध्या वेषातील पोलिस नेमले गेले. एखादी बाई 'सामान्य वेश्या' आहे असे पोलिसाला वाटले, की तिचे नाव यादीत चढे. 'सामान्य वेश्या' म्हणजे नेमकी कोण, याची व्याख्या कायद्यात नव्हती. यादीतील बाईने ठरलेल्या मुदतीने सरकारी डॉक्टरकडून तपासून घ्यावे; रोग आढळला तर तिला नऊ महिन्यांपर्यंत लॉक हॉस्पिटलात ठेवता येई; तपासणीस नकार दिला तर तुरुंग. पुरुषाची तपासणी या कायद्यांत नव्हती. १८७१ साली या प्रकरणी बसलेल्या रॉयल कमिशनने त्याचे कारणही देऊन ठेवले आहे. बाई हे कृत्य पैशासाठी करते, आणि पुरुषाच्या बाबतीत ती नैसर्गिक प्रवृत्तीची अनियमित तृप्ती होय, असा त्याचा आशय. दोघांनी मिळून केलेल्या गोष्टीचा हिशेब एकाच्याच नावे कसा मांडला जातो, याचे इतके सरळ उदाहरण आमच्या वाचनात दुसरे नाही.

या कायद्यांविरुद्ध उभी राहिली ती जोसेफिन बटलर नावाची एक गृहिणी. तिचे पती जॉर्ज बटलर हे अँग्लिकन धर्मोपदेशक व शिक्षक. १८६४ साली त्यांची पाच वर्षांची एकुलती एक मुलगी ईव्हा आईवडील घरी आल्याचे पाहून धावत निघाली आणि वरच्या मजल्याच्या कठड्यावरून खाली पडून मरण पावली. दुःखाने खचलेली ही आई पुढे पतीबरोबर लिव्हरपूलला गेली आणि आपल्याहून अधिक दुःखी असलेल्यांना शोधू लागली. तेथील अनाथगृहवजा सरकारी कारखान्यात निराधार बायकांना जुने डांबरी दोरखंड उसवून त्यांचे धागे मोकळे करण्याचे काम दिले जाई. जोसेफिनबाई त्यांच्याबरोबर जमिनीवर बसल्या, दोरखंड हाती घेतला, आणि त्यांना ते काम येईना हे पाहून त्या बायका हसल्या. ओळख झाली ती अशी. त्यांतील काही आजारी मुलींना बटलर दांपत्याने आपल्या घरी आणून ठेवले. यादीत नाव असलेली बाई म्हणजे कोण, हे जोसेफिनबाईंना पुस्तकावरून शिकावे लागले नाही.

१८७० च्या आरंभी त्यांनी इतर स्त्रियांसह या कायद्यांचा जाहीर निषेध केला. कुलीन घरातील विवाहित स्त्रीने अशा विषयावर सभेत उभे राहून बोलणे त्या काळी अशक्य कोटीतले मानले जाई. त्याच वर्षी कोल्चेस्टरच्या पोटनिवडणुकीत कायद्याचे समर्थक सर हेन्री स्टॉर्क्स यांच्याविरुद्ध प्रचार करताना जमावाने त्यांच्या उतरण्याच्या जागेला वेढा घातला. स्टॉर्क्स मात्र पडले. १८७२ साली पाँटेफ्रॅक्ट येथे गवताच्या माळ्यावर बायकांची सभा भरली असता विरोधकांनी खाली पेंढा पेटवून धूर केला. वर बसलेल्या बायका गुदमरल्या, पण पांगल्या नाहीत. १८७५ साली आल्डरशॉट येथे पर्सी नावाच्या एका विधवेवर पोलिसांनी शिक्का मारू पाहिला. ती रंगभूमीवर गाऊन पोट भरीत असे. तिने वर्तमानपत्रात पत्र लिहून तक्रार केली, काम गमावले, आणि शेवटी तिचे प्रेत कालव्यात सापडले. त्या मरणाने पुष्कळांचे डोळे उघडले. १८८३ साली सक्तीची तपासणी थांबविण्यात आली आणि १८८६ साली ते कायदे रद्द झाले. सोळा वर्षांचा हा लढा चालू असतानाच, १८७८ साली, जोसेफिनबाईंनी सिएना येथील संत कॅथरीनचे चरित्र लिहून प्रसिद्ध केले. त्या आमच्या पंथाच्या नव्हत्या, पण राजे व पोप यांच्यासमोर न डगमगता बोलणाऱ्या कॅथलिक संताकडून त्यांनी बळ घेतले, याची नोंद येथे केल्यावाचून राहवत नाही.

आता या हकीकतीचा जो भाग आमच्या विषयाच्या गाभ्याशी आहे, तो पुष्कळ वर्षांनी उजेडात आला. अमेरिकेतील इतिहासकार जुडिथ वॉल्कोविट्झ यांनी प्लिमथ व साउथॅम्प्टन येथील त्या काळचे कागदपत्र व जनगणनेच्या नोंदी तपासून १८८० च्या आधीच्या त्या बायकांचे जीवन १९८० साली ग्रंथरूपाने मांडले. त्यांना आढळले ते असे: या बहुतेक विशीतल्या मुली होत्या, कष्टकऱ्यांच्या घरच्या, अनेकींचे आई किंवा वडील वारलेले, बहुतेकींनी आधी घरकाम केलेले. त्या वेगळ्या वस्तीत राहत नसत. मजुरांच्याच गल्ल्यांत, त्याच चाळवजा घरांत शेजाऱ्यांबरोबर राहत. आणि बहुतेक जणी पंचविशीच्या सुमारास हा मार्ग सोडून देत. कोणी काम धरी, कोणी संसार थाटी. शेजारपाजारच्या लोकांना हे पसंत होते असे नव्हे, पण परतीची वाट बंद नव्हती.

यादी आली आणि वाट बंद होऊ लागली. साध्या वेषातील पोलिस दारात येऊन उभा राहिला की गल्लीला सर्व कळे. तपासणीच्या दिवशी बायकांना रस्त्याने जाताना पोरे हुर्यो करीत. भाड्याने खोली देणारा घरमालक बिचके. नाव काढून घ्यावयाचे तर अर्ज करावा लागे. परिणाम असा झाला, की जी गोष्ट पूर्वी आयुष्यातील काही दुर्दैवी वर्षांपुरती होती ती आता त्या बाईची ओळख होऊन बसली, आणि वय वाढले तरी बायका त्याच धंद्यात अडकून राहू लागल्या. कायद्याने वेश्यांची गणना केली असे वरवर दिसते. खरे पाहता गणना करता करता त्याने त्यांची एक वेगळी जात तयार केली.

समाजशास्त्रज्ञ ज्याला 'विचलन' म्हणतात, म्हणजे रूढ वाट सोडून वागणे, त्याविषयी विसाव्या शतकात जो विचार पुढे आला तो याच अनुभवाशी जुळतो. एमिल दुर्खेम या फ्रेंच पंडिताने १८९५ सालीच एक मजेदार कल्पना मांडली होती. समजा, एखादा मठ केवळ संतांचाच आहे. तेथे खून-चोरी कोणी करणार नाही. परंतु आपल्याला क्षुल्लक वाटणारी चूक तेथे मोठा अपराध ठरेल आणि तिच्यावर तसाच गहजब होईल. म्हणजे अपराधी ठरविण्याची सवय समाज सहसा सोडीत नाही. मठात दिवस काढलेले आमचे वाचक यावर गालातल्या गालात हसतील. पुढे १९५१ साली अमेरिकेतील एडविन लेमर्ट यांनी दोन पायऱ्या वेगळ्या केल्या: माणूस प्रथम घसरतो ती एक, आणि लोकांनी त्याला 'घसरलेला' ठरविल्यामुळे तो तसाच जगू लागतो ती दुसरी. हॉवर्ड बेकर हे शिकागोतील नृत्यगृहांत पियानो वाजवीत असत, आणि सभ्य लोक वादकांकडे कसे पाहतात हे त्यांनी स्वतः भोगले होते. त्यांनी १९६३ साली हाच विचार ग्रंथरूपाने मांडला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की एखाद्याचे 'बाहेरचा' असणे हे त्याच्या कृत्यात जितके असते त्याहून अधिक ते नियम करणाऱ्यांच्या आणि शिक्का मारणाऱ्यांच्या हातात असते.

येथे आम्ही थोडे थांबतो. पाप म्हणजे केवळ लोकांनी मारलेला शिक्का, असे मात्र आम्ही मानीत नाही आणि कोणताही ख्रिस्ती माणूस मानणार नाही. शरीर विकत घेणे व विकणे हे देवाच्या आज्ञेविरुद्धच आहे. उद्या सर्व गावांनी मिळून त्यास चांगले म्हटले तरी ते चांगले होणार नाही. समाजशास्त्रज्ञ मनुष्याच्या अंतःकरणात शिरत नाही, आणि त्याने शिरावे अशी अपेक्षाही नाही. पण दुसऱ्या पायरीविषयी तो जे सांगतो ते खरे आहे. पापाची क्षमा पापनिवेदनाच्या खुर्चीपाशी काही मिनिटांत मिळते. शिक्क्याची क्षमा देण्याचा अधिकार गाव मात्र कोणाच्याच हाती देत नाही.

या कायद्यांची सावली आपल्या देशावरही पडली होती. बेळगाव किंवा महू येथील आमच्या वाचकांना छावणी म्हणजे काय हे सांगावयास नको. १८६४ च्या छावणी कायद्याने आणि १८६८ च्या १४ व्या कायद्याने हिंदुस्थानातही यादी, सक्तीची तपासणी आणि लॉक हॉस्पिटले आली. इंग्लंडात कायदे रद्द झाले त्याच १८८६ साली इकडच्या लष्करी मुख्यालयातून एक परिपत्रक निघाले. पलटणींच्या बाजारांत पुरेशा संख्येने बायका असाव्यात आणि त्या दिसावयास बऱ्या असाव्यात, असे त्यात अधिकाऱ्यांना बजावले होते! हे परिपत्रक १८८८ साली उघडकीस आले तेव्हा इंग्लंडात मोठा क्षोभ झाला. कॉमन्स सभेने ठराव केला आणि १८६८ चा कायदा रद्द झाला. कागदावर सर्व संपले. तथापि १८९१-९२ साली एलिझाबेथ अँड्र्यू व डॉक्टर कॅथरीन बुशनेल या दोन अमेरिकन स्त्रिया स्वतः छावण्या-छावण्यांतून हिंडल्या, तेथील बायकांशी बोलल्या, आणि जुनीच व्यवस्था चालू असल्याचे त्यांनी सिद्ध केले. आधी साफ नाकारणाऱ्या लॉर्ड रॉबर्ट्स या माजी सरसेनापतींना १८९३ साली त्यांची क्षमा मागावी लागली.

स्वातंत्र्यानंतर आपल्या देशाने दुसरी वाट धरली. १९५६ साली स्त्रिया व मुलींच्या अनैतिक व्यापाराला आळा घालणारा कायदा झाला. १९८६ साली त्यात दुरुस्ती होऊन त्याचे नाव बदलले, आणि आजही तोच लागू आहे. त्यात जे उत्तम आहे ते प्रथम सांगितले पाहिजे. कुंटणखाना चालविणे, मुलींना आणून विकणे, त्यांना कोंडून ठेवणे यांना त्यात शिक्षा आहे, आणि ती सैल करावी असे आम्ही स्वप्नातही म्हणणार नाही. सज्ञान स्त्रीने खासगी जागी केलेला देहविक्रय हा मात्र या कायद्याने स्वतःहून गुन्हा ठरत नाही. हे पुष्कळांना ठाऊक नसते.

मग स्त्री सापडते कोठे? कलम ८ मध्ये. रस्त्यावर किंवा खिडकीतून गिऱ्हाईक बोलाविणाऱ्या बाईला पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो, पुन्हा सापडल्यास वर्षापर्यंत. हाच अपराध पुरुषाने केला तर सात दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंत. १८७१ च्या त्या कमिशनची आठवण येथे कोणाला होणार नाही? कलम ४ प्रमाणे तिच्या कमाईवर जाणूनबुजून जगणाऱ्या अठरा वर्षांवरील कोणालाही दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नेम धरला आहे तो दलालावर, पण या शब्दांत तिची म्हातारी आई आणि कॉलेजात जाणारा मुलगाही बसतात. कलम २० प्रमाणे दंडाधिकारी तिला आपल्या हद्दीतील ठिकाण सोडून निघून जाण्याचा हुकूम देऊ शकतो. ती कोठे जावी, हेही त्या हुकमातच ठरविले जाते.

सर्वोच्च न्यायालयापुढे हा प्रश्न आला तो कोलकात्यातील एका स्त्रीच्या खुनाच्या खटल्यातून. खुन्याचे अपील २०११ साली फेटाळताना न्यायालय तेवढ्यावर थांबले नाही. अशा स्त्रियांना माणसासारखे कसे जगता येईल याचा विचार करण्यासाठी त्याने एक समिती नेमली. १९ मे २०२२ रोजी न्यायालयाने त्यावर आदेश दिले. पोलिसांनी या स्त्रियांशी सन्मानाने वागावे. त्यांच्यावर बलात्कार झाला तर इतर कोणत्याही स्त्रीप्रमाणेच त्यांना उपचार व साहाय्य मिळावे. धाडीच्या बातम्यांत त्यांची ओळख उघड होऊ नये. सुधारगृहांत मनाविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांची चौकशी करून त्यांना सोडण्याविषयी मुदतीत निर्णय घ्यावा. याबरोबर एक बारीकसे वाक्य होते, ते आम्ही पुन्हा पुन्हा वाचले. अशा स्त्रियांना आधार कार्ड द्यावे, आणि ती कार्डधारक देहविक्रय करते हे ओळखू येईल असा कोणताही संकेतांक त्यावर असू नये. प्लिमथच्या पोलिस यादीपासून या वाक्यापर्यंत यावयास १५८ वर्षे लागली. कायद्याची कलमे मात्र जागच्या जागी आहेत. ती बदलण्याचे काम संसदेचे आहे.

आता आमच्या धर्माचा याविषयी विचार काय, हे पाहू. संत ऑगस्टीन यांनी ३८६ साली लिहिलेल्या एका ग्रंथात, समाजातून वेश्या नाहीशा केल्या तर वासना सर्वत्र गोंधळ माजवील, असे मत दिले आहे. पुढे संत थॉमस अक्वायनस यांनी त्याचा आधार घेतला, आणि शतकानुशतके राजेलोक आपल्या सोयीसाठी तेच पुढे करीत आले. ऑगस्टीन यांचा बाप्तिस्मा ३८७ च्या पुनरुत्थान सणास झाला. म्हणजे हे वाक्य बाप्तिस्म्यापूर्वीचे आहे, आणि आम्हांस ते तसेच वाटते. त्यात उरलेल्या समाजाची काळजी आहे. त्या बाईची नाही. अक्वायनस यांचे दुसरे एक वचन अधिक उपयोगी आहे. मनुष्याचा कायदा प्रत्येक दुर्गुणाला शिक्षा करू शकत नाही. सर्वसाधारण माणसाला टाळता येण्याजोगे, आणि विशेषतः दुसऱ्याचे नुकसान करणारे, असे जे गंभीर अपराध त्यांच्यापुरताच तो असावा, असे त्यांनी म्हटले आहे. खोटे बोलणे हे पाप आहे, पण शेजारणीशी खोटे बोलल्याबद्दल पोलिस कोणाला धरीत नाहीत. तेव्हा 'गुन्हा नाही' याचा अर्थ 'पाप नाही' असा होत नाही, हे सांगण्यासाठी आम्हांस कोणा परदेशी पंडिताकडे जाण्याची गरज नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली वेश्याव्यवसायाची गणना गुलामगिरी व स्त्रिया-मुलांची विक्री यांच्या जोडीने मानवी प्रतिष्ठेवरील आघातांत केली आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेला ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षण-ग्रंथ, परिच्छेद २३५५ मध्ये, हे पाप गंभीर आहे असे स्पष्ट सांगतो, आणि लगेच पुढे म्हणतो, की दारिद्र्य, धाकदपटशा किंवा सामाजिक दडपण यांमुळे त्याचा दोष कमी होऊ शकतो. पैसे देणाऱ्याचे पापही तो विसरत नाही. पोप फ्रान्सिस १२ ऑगस्ट २०१६ रोजी रोममधील एका घरी गेले होते. तेथे या धंद्यातून सुटून आलेल्या वीस स्त्रिया राहत होत्या. देहविक्रय करविणाऱ्या जगाच्या वतीने आणि सर्व ख्रिस्ती लोकांच्या वतीने त्यांनी त्यांची क्षमा मागितली, असे त्या भेटीच्या वृत्तांतातून कळते.

क्षमा मागण्याजोगे आमच्या स्वतःच्या घरातही आहे. आयर्लंडमध्ये मरिया माग्दालियेच्या नावाने चालणारी आश्रमवजा धोबीघरे होती. त्यांतील कित्येक धर्मभगिनींच्या हाती होती. आरंभी त्यांचा हेतू 'पतितांना' आसरा देण्याचा होता. पुढे अविवाहित माता, अनाथ मुली, घरच्यांना नकोशा झालेल्या मुली, अशा कितीतरी जणी तेथे येऊन पडल्या. बिनपगारी कपडे धुवावेत, बाहेर जाऊ नये, कधीकधी आपले नावही वापरू नये. १९२२ पासून सुमारे दहा हजार स्त्रिया तेथून गेल्या. शेवटचे धोबीघर १९९६ साली बंद झाले आणि २०१३ साली आयर्लंडच्या पंतप्रधानांनी संसदेत जाहीर माफी मागितली. हे लिहिताना लेखणी जड होते. ज्या भगिनींनी आम्हांला अक्षरे शिकविली त्यांच्याच वेषातील कोणी हे केले, हे मानावयास मन धजत नाही. पण आसऱ्याला बाहेरून कडी लागली की तो तुरुंग होतो, मग भिंतीवर क्रूस असो वा नसो.

इतर देशांनी काय केले, हे थोडक्यात सांगतो. स्वीडनने १ जानेवारी १९९९ पासून शरीर विकत घेणाऱ्या पुरुषाला गुन्हेगार ठरविले, विकणाऱ्या स्त्रीला नाही. न्यूझीलंडने २००३ साली सज्ञानांच्या बाबतीत दोघांवरचाही गुन्हा काढून टाकला. संसदेत तो कायदा ६० विरुद्ध ५९ अशा एका मताने पार पडला. अठरा वर्षांखालील मुलीकडे जाणारा तेथेही गुन्हेगारच आहे. आपल्याकडे सांगली येथे १९९६ साली या स्त्रियांनीच उभारलेली वेश्या अन्याय मुक्ती परिषद आहे. बेळगावहून ती फार दूर नाही. आपल्या कामाला काम म्हणावे आणि त्यावरील गुन्ह्याचा डाग काढावा, असे तेथील स्त्रियांचे म्हणणे आहे. पहिला भाग आम्हांस पटत नाही. कोणत्याही बापाने आपल्या मुलीसाठी न निवडलेल्या या गोष्टीला इतर कामांसारखे काम म्हणणे आमच्याने होत नाही. गिऱ्हाईकाला मोकळे सोडणेही पटत नाही. या बाबतीत स्वीडनची वाट आम्हांस अधिक बरी वाटते. त्या वाटेने बायकांना अधिक लपूनछपून राहावे लागते, अशी त्यांची तक्रार आहे, आणि ती ऐकून घेतली पाहिजे. परंतु दुसऱ्या भागाविषयी, म्हणजे स्त्रीला तुरुंगात पाठवू नये याविषयी, आमच्या मनात आता संशय उरलेला नाही. तुरुंगातून ती बाहेर येते तेव्हा तिच्याजवळ काही नवे असेल तर ते दुसरे एक नोंदलेले नाव असते; आणि तिला आणणारा दलाल जामिनावर तिच्या आधीच बाहेर आलेला असतो.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर आमच्या गावांपुरत्या काही गोष्टी आहेत. मुलीला कामासाठी कोणी नेऊ लागला तर त्याचे पूर्ण नाव, नेण्याच्या घराचा पत्ता आणि तेथील फोन लिहून घ्यावा, आणि शक्य तर त्या भागातील चर्चच्या धर्मगुरूंना आधीच कळवावे; खरा माणूस याचा राग मानणार नाही. मुलगी लहान असेल व काही वावगे वाटले तर १०९८ या क्रमांकावर कोणालाही, केव्हाही कळविता येते. आणि परत आलेलीला, कोठे होतीस, काय करीत होतीस, हे प्रश्न आधी विचारू नयेत. ती जेवली आहे काय, हा प्रश्न आधीचा.

दर वर्षी ८ फेब्रुवारीस ख्रिस्तसभा मनुष्यांच्या व्यापाराविरुद्ध प्रार्थना करते; २०१५ पासून हा दिवस पाळला जातो. तो संत जोसेफिना बखिता हिच्या मृत्यूचा दिवस. सुदानमधील दारफूर भागात सुमारे १८६९ साली जन्मलेल्या या मुलीला लहानपणी चोरून नेले, आणि भीतीने ती आपले मूळ नावही विसरली; 'बखिता' म्हणजे भाग्यवान, हे नाव तिला पळविणाऱ्यांनी ठेवलेले. एका मालकिणीच्या घरी तिच्या अंगावर वस्तऱ्याने शंभराहून अधिक नक्षीच्या रेघा कोरून जखमांत मीठ चोळण्यात आले, मालकी दिसावी म्हणून. २९ नोव्हेंबर १८८९ रोजी व्हेनिस येथील न्यायालयाने निर्णय दिला, की इटलीच्या कायद्यात गुलामगिरीस स्थान नाही आणि ही बाई कायद्याने कधीच गुलाम नव्हती. जानेवारी १८९० मध्ये तिचा बाप्तिस्मा झाला. पुढे ती कनोशियन भगिनी झाली. मुंबईत माहीम येथे ज्यांची शाळा आहे, त्याच या भगिनी. शियो गावच्या मठात ती पुष्कळ वर्षे दारावर बसत असे. अंगावरचे ते व्रण शेवटपर्यंत होते. शाळेत येणारी पोरे आत जाता जाता तिच्यापाशी थांबत, आणि ती प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवी.